मी खाली कुठं बसू?

कांजूरमार्गच्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, गुडघे टेकून मी फरशीवर खडूने सोफा काढत होते. घर पुनर्वसन योजनेतलं, कार्पेट म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्र २६९ चौरस फूट. माणसं चार : नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि सासूबाई. सामान अजून जुन्या घरी होतं, त्यामुळे घर मोकळं, आवाज घुमणारं. लहान घराचं काम घेतलं की मी नकाशा कागदावर समजावत बसत नाही. खडू घेते आणि पलंग, कपाट, टेबल, सगळं खऱ्या मापात जमिनीवर काढते. मग घरच्यांना सांगते, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करता ते इथे चालून दाखवा.

सूनबाईंनी चालून दाखवलं, खूश झाल्या. मुलीने ‘माझं टेबल’ म्हणत खडूच्या चौकोनात मांडी ठोकली. सासूबाई मात्र सोफ्याच्या रेघेला पाय लागू न देता, अगदी खऱ्या सोफ्याला वळसा घालावा तशा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथून मागे वळून सगळी खोली बघितली आणि म्हणाल्या, “पोरी, सगळं छान आहे. पण मी खाली कुठं बसू?”

मी म्हटलं, “आजी, सोफा आहे की. दिवाणही आहे.”

“सोफ्यावर बसून मेथी निवडतात होय?”

त्यांच्याकडे तेव्हा विळी नव्हती, पण त्यांनी हाताने दाखवली. इथे विळी, इथे परात, इथे देठांचा कागद, आणि पाय हा असा लांब. मी टेप लावला. तीन फूट बाय साडेतीन फूट. माझ्या नकाशात सोफा आणि टीव्हीच्या मधली वाट होती अठरा इंच. स्वयंपाकघरात ओट्यापुढे उभं राहायची जागा होती, बसायची नव्हती. आख्ख्या घरात साडेतीन फूट मोकळी जमीन कुठेच नव्हती. वीस वर्षं लहान घरांची कामं करणाऱ्या बाईने, जी स्वतः जमिनीवर जेवून, जमिनीवर अभ्यास करून मोठी झाली, तिने जमीनच संपवून टाकली होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी फडकं ओलं करून सोफा पुसून टाकला.

मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढले. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाच्या सरकारी खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही हातांना खोल्यांची दारं, संडास सामाईक. एक खोली १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत आम्ही सात जण होतो : आजी, आई, बाबा, काका, काकू, मी आणि धाकटा भाऊ. मोरीच्या बाजूला ओटा, त्यावर मांडणी, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, एक लोखंडी खाट, एक गोदरेजचं कपाट, आणि छताखाली दोन भिंतींना लागून फळी. फळीवर पितळेची मोठी भांडी, जी वर्षातून दोनदा उतरायची.

१९९६ मध्ये आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला असताना ‘तुमचं राहतं घर मोजून आणा’ असं काम मिळालं होतं. वर्गातल्या बहुतेकांची घरं दोन-तीन खोल्यांची. मला माझी शीट टेबलावर ठेवताना लाज वाटत होती, हे खरं लिहायला हवं. एकच चौकोन, त्यात खाट, कपाट, पिंप. सरांनी शीट बराच वेळ बघितली आणि विचारलं, “हा किती वाजताचा नकाशा आहे?”

मला प्रश्नच कळला नाही.

“सात माणसं म्हणालीस. ती इथे झोपतात कुठे? रात्रीचा नकाशा काढून आण.”

मी एकाऐवजी चार काढले. पहाटे पाचचा, सकाळी अकराचा, संध्याकाळी सहाचा आणि रात्री अकराचा. पहाटे पाचला पाणी यायचं, तेव्हा मोरीपासून पिंपापर्यंतची वाट मोकळी लागायची, म्हणून त्या पट्ट्यात कुणी झोपायचं नाही, हा नियम. सकाळी अकराला खाटेभोवती जुन्या साडीचा पडदा ओढलेला असायचा आणि आत बाबा झोपलेले. ८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटली, ते रात्रपाळीला वॉचमन म्हणून जायला लागले होते. त्या वेळात घरात कुणी भांडं आपटायचं नाही. संध्याकाळी सहाला तीच खाट बैठक व्हायची, पाहुणे तिच्यावर, आम्ही मुलं खाटेखाली अभ्यासाला. रात्री अकराला खाटेवर आजी, खाटेखाली भाऊ, जमिनीवर भिंतीकडून काकू, आई, मी. काका बाहेर पॅसेजमध्ये चटईवर. बाबा कामावर.

आजही कुणी नवीन काम घेऊन आलं की मी हे चारच नकाशे मागते. खोल्या किती, कपाटं किती, हे नंतर.

त्या खोलीत सर्वांत नीट केलेलं काम कुठलं होतं सांगू? अंथरुणं काढणं. आई सहाला आम्हाला उठवायची. चादर चार घड्यांची, मग गोधडी, मग सतरंजी, प्रत्येकीची घडी एकाच रुंदीची, कारण सगळ्यांची चवड खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि ती खाटेच्या कडेबाहेर यायला नको. उशा वर आडव्या. त्यावर एक स्वच्छ, इस्त्रीची, निळ्या फुलांची चादर झाकली की तोच लोड व्हायचा, पाहुणे त्याला टेकून बसायचे. सगळं मिळून पाच मिनिटं लागत असतील. त्या पाच मिनिटांनी शंभर एक चौरस फूट जमीन परत मिळायची. मी वास्तुरचनेच्या पुस्तकांत फिरत्या भिंती, घडीचे पलंग, जिन्याखालचे खण, खूप काही बघितलंय. इतक्या कमी खर्चात इतकी जागा परत देणारी दुसरी युक्ती मला सापडलेली नाही.

आणि तरी ती खोली आमचं सगळं घर नव्हतीच. पॅसेज होता. पॅसेजमध्ये काका झोपायचे, आजी समोरच्या बायकांबरोबर तांदूळ निवडायची, आम्ही पत्ते खेळायचो, लग्नाच्या पंगती बसायच्या. दारावर कमरेपर्यंतचा पडदा, वरून हवा, खालून मांजर. खोलीत मावत नव्हतं ते सगळं त्या पडद्यापलीकडे मावत होतं. चाळीचं कौतुक करताना लोक १६० फुटांत सात माणसं कशी राहिली म्हणतात, तेव्हा मला सांगावंसं वाटतं, ती १६० फुटांत राहिली नाहीत. आणि सामाईक संडासापुढची रांग, पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल, नवीन लग्न झालेल्या काका-काकूंना कधीच न मिळालेला एकांत, हेही त्याच नकाशात होतं. ते मी शीटवर काढलं नव्हतं, पण मला माहीत होतं.

कॉलेजात पुढे ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाच्या ‘कॅबानॉन’बद्दल शिकलो. फ्रान्सच्या दक्षिणेला, रोकब्रून-काप-मार्तां इथे समुद्राकाठी १९५२ मध्ये त्याने स्वतःसाठी आणि बायकोसाठी बांधलेली लाकडी खोली. ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, म्हणजे बारा बाय बारा फूट. उंची २.२६ मीटर. मी लगेच गुणाकार केला : १४४ चौरस फूट. आमच्या खोलीपेक्षा १६ फुटांनी लहान! पलंग, टेबल, कपाट, हात धुवायचं भांडं, सगळं इंचाइंचाने बसवलेलं. पण मला त्यातली एक गोष्ट जास्त आवडली. त्यात स्वयंपाकघरच नाही. शेजारी एक छोटी खाणावळ होती, तिच्यात जायला थेट दार ठेवलेलं होतं, जेवण तिकडे. जगातला एवढा मोठा वास्तुविशारद, पण बारा फुटांच्या घरासाठी त्यालाही शेजार लागलाच. तो आमच्यासारखाच पडद्यापलीकडे राहत होता.

तेव्हापासून कुठल्याही छोट्या घराचा फोटो बघितला की मी आधी त्याचं बाहेर शोधते. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक कुंडी, काचेसारखी फरशी. छान दिसतं. पण मनात येतं, यांचं दळण कुठे आहे? ओला टॉवेल कुठे? सासूबाईंची विळी? लोणच्याची बरणी, सिलिंडर, मुलीची सायकल, पाहुण्यांची गादी? कमी सामानात राहायला मला मनापासून आवडतं, पण ज्या घरात वर्षाचं तिखट एकदम होतं तिथे ‘काढून टाका’ हा सल्ला देण्यात काही अर्थ नसतो. तिखटाची बरणी कुठे ठेवायची, हे सांगता आलं पाहिजे.

पुन्हा कांजूरमार्गला येते.

बाहेरची खोली १० फूट बाय साडेदहा, आतली ९ बाय ९, स्वयंपाकघर साडेपाच बाय सात, न्हाणीघर, संडास, आणि उरलेली बारा-तेरा चौरस फुटांची बोळ. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत एका राहत्या खोलीचं किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर धरलंय, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. बाहेरची खोली त्यापेक्षा जेमतेम तीन फूट जास्त. अशा खोलीत तुम्ही काय ठेवता याच्या आधी काय ठेवत नाही, हे ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं, खोलीच्या मधोमध सहा फूट बाय सात फूट जमीन कायम मोकळी. तिच्यात काही येणार नाही, टीपॉयसुद्धा नाही. तिथे सकाळी भाजी निवडली जाईल, दुपारी मुलगी पालथी पडून वाचेल, रात्री तिची गादी पडेल. तो चौकोन मी सगळ्यांत आधी खडूने काढला आणि आत ‘आजी’ असं लिहिलं. त्या हसल्या, पण मिस्त्रींनी तो शेवटपर्यंत पुसला नाही.

सोफा गेला. खिडकीखाली सव्वासहा फूट लांब, अडीच फूट रुंद दिवाण आला. दिवसा बैठक, रात्री आजींचा बिछाना. त्यांना जमिनीवर बसता येतं, पण रात्री जमिनीवरून उठता येत नाही, गुडघे धरतात. हा फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

मग गादी. मुलीला फोमची हवी होती. मी आग्रहाने पिंजाऱ्याकडून कापसाची भरून घेतली, तीन इंच जाड, अडीच फूट रुंद. तिची तिहेरी घडी होते : दोन फूट बाय अडीच फूट, उंची नऊ इंच. त्या मापावरून अंथरुणाचं कपाट काढलं, तीन फूट रुंद, दोन फूट खोल, साडेतीन फूट उंच. खालच्या खणात गादी, वरच्यात चादरी-उशा. जमिनीपासून गादीचा खण फक्त नऊ इंच वर, कारण नववीतल्या मुलीने रोज सकाळी गादी उचलून डोक्याच्या वर टाकावी ही अपेक्षा आठवडाभरही टिकत नाही.

हे मी फार महाग शिकलेय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी भांडुपला एका रूम-किचनमध्ये मी भिंतीत मिटणारा पलंग केला होता. गॅसचे पंप, सुंदर लॅमिनेट, मिटला की भिंतच दिसायची. तो प्रकल्प मी अभिमानाने सगळ्यांना दाखवायचे. सहा महिन्यांनी भेटायला गेले तर पलंग पडलेला, त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, आणि घरातली माणसं कडेकडेने चालतायत. घरच्या वहिनींनी अवघडून सांगितलं, “मॅडम, चांगला आहे हो. पण आधी उशा काढा, पांघरूण काढा, गादीला पट्टा बांधा, समोरची खुर्ची सरकवा, मग वर करा. आणि यांना दुपारी पडायचं असतं.” पाच कृती होत्या. आईच्या अंथरुणांनाही पाच मिनिटं लागायची, पण तिथे सकाळ झाली की झाली, दुपारी कुणी तो पसारा पुन्हा मांडत नव्हतं. शिवाय गाद्या मिटल्याशिवाय चुलीपर्यंत जाताच येत नव्हतं. इथे पलंग तसाच राहिला तरी कुणाचं अडत नव्हतं. मी तो पलंग माझ्या खर्चाने काढला आणि साधा, खाली खण असलेला पलंग लावून दिला. आता घडीची कुठलीही वस्तू करायची म्हटलं की मी मोजते : दोन कृतींत मिटते का? नसेल, तर ती मिटणार नाही असं धरूनच नकाशा काढायचा. कांजूरमार्गला मुलीचं टेबलही म्हणूनच घडीचं केलं नाही. घडीच्या टेबलावरची वह्या-पुस्तकं मिटताना जाणार कुठे? आतल्या खोलीत खिडकीशी तीन फूट बाय वीस इंच, कायमचं.

दारांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अडीच फुटांचं दार उघडताना पाव वर्तुळ फिरतं आणि जवळजवळ पाच चौरस फूट जमीन अडवतं. तिथे काही ठेवता येत नाही, कुणी बसू शकत नाही. या घरात अशी चार दारं आतल्या बाजूला होती, म्हणजे वीस फूट फक्त दारांना. स्वयंपाकघराचं दार आम्ही काढूनच टाकलं, ते कधी लावलं जात नव्हतं. आतल्या खोलीचं दार बाहेरच्या भिंतीवरून सरकणारं केलं, त्यामुळे आत दारामागे कपाटाला जागा झाली. न्हाणीघर आणि संडासाची दारं तशीच ठेवली, तिथे सरकतं दार मला पटत नाही, ओल धरतं आणि आवाज अडत नाही.

कपाटं सगळी दोन फूट खोल का करतात, हे मला कळत नाही. हँगरला दोन फूट लागतात, मान्य. पण घडी केलेल्या साडीला पंधरा इंच पुरतात. या घरात लटकवायचे कपडे होते ते दोन फूट रुंदीत बसले. तेवढंच कपाट खोल केलं, पुढचं चार फूट पंधरा इंचांचं. मिस्त्री म्हणाले, पुढून खाच दिसेल, बरोबर नाही दिसणार. दिसली. त्या खाचेत मुलीच्या टेबलाची खुर्ची बसते. नऊ इंच गुणिले चार फूट, तीन चौरस फूट सुटले.

हे तीन फूट, पाच फूट ऐकून कुणाला हसू येईल. पण मुंबईत आपण चौरस फुटावर घर घेतो. रेरा या घरखरेदीच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रात आतल्या भिंतींची जाडीसुद्धा धरलेली असते. चार इंची, दहा फूट लांब भिंत म्हणजे तीन चौरस फुटांहून जास्त जमीन, तिचे पैसे तुम्ही भरलेले असतात. मग दारामागच्या पाच फुटांचा हिशोब का मागू नये?

सगळ्यांत जास्त वेळ गेला खिडकीत. संहितेप्रमाणे आपल्याकडच्या दमट, उष्ण हवेत खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश हवं. म्हणजे बाहेरच्या खोलीला साडेसतरा फूट. खिडकी होती चार बाय चार, सोळा फूट, बरीच जवळ. पण ती दोन पट्ट्यांची सरकती अॅल्युमिनियमची. सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी निम्मीच उघडते. उरली आठ. आणि मुख्य दार बंद, त्यामुळे हवा आत येऊन जाणार कुठे? मला चाळीतला कमरेपर्यंतचा पडदा आठवला. आम्ही खिडकीला बाहेर उघडणारी झापं लावली, आतून जाळी, आणि मुख्य दाराला बाहेरून लोखंडी जाळीचा दरवाजा, त्यावर आतून अर्धा पडदा. आता लाकडी दार सकाळपासून उघडं असतं. वारा खिडकीतून येऊन मोकळ्या जमिनीवरून थेट दारापर्यंत जातो. समोरच्या घरातल्या बाईंनीही महिन्याभरात तसाच पडदा लावला, असं सूनबाईंनी मला फोटो पाठवून कळवलं. मला किती आनंद झाला!

स्वयंपाकघराचं एक सांगते. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगारवस्त्यांसाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर अभ्यासलं, बाईला किती पावलं चालावी लागतात ते मोजलं, आणि तसली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बसवली. आज आपल्याकडे जे सलग ओटा, वर-खाली कपाटं, असं स्वयंपाकघर असतं, त्याचं मूळ तिथे आहे. मला त्या बाईंबद्दल फार आदर आहे. पण ते स्वयंपाकघर एका बाईचं आहे. आपल्याकडे सणाला सासू पुरण वाटते आणि सून पोळ्या लाटते, दोघींना एकाच वेळी जागा हवी. साडेपाच फूट रुंदीत दोन्हीकडे ओटा केला तर मध्ये दीडच फूट उरतो. म्हणून ओटा एकाच बाजूला, आणि उंबऱ्यापलीकडे तो ‘आजी’चा चौकोन. दार काढल्यामुळे ओट्याशी उभी असलेली सून आणि खाली बसलेली सासू बोलू शकतात, वाटी हातातून हातात जाते. स्वयंपाकघर कागदावर ३८ चौरस फुटांचं आहे. वापरात बरंच मोठं.

गणपती कुठे बसतो, हा माझा ठरलेला प्रश्न. यांच्याकडे दीड दिवसाचा. मी म्हटलं, अंथरुणाच्या कपाटावर तीन बाय दोनचा माथा आहे, मखर छान बसेल. आजींनी कानाला हात लावले. “अंथरुणावर देव? नको गं.” बरोबरच होतं, माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग खिडकीचा कोपरा ठरला, पण तिथे दिवाण. म्हणून दिवाण भिंतीत ठोकला नाही, चार पायांवर सुटा ठेवला. दीड दिवस तो समोरच्या भिंतीला जातो, कोपऱ्यात चौरंग येतो. मखराचे तुकडे संडास-न्हाणीघरावरच्या माळ्यावर, सूटकेस आणि मोठ्या पातेल्यांबरोबर. बाहेरच्या खोलीत माळा केला नाही. नऊ फूट उंचीच्या खोलीत सात फुटांवर माळा आला की डोक्यावर ओझं आल्यासारखं वाटतं, मग कितीही सामान मावो.

दुसऱ्या वर्षात आम्हाला बेलापूरला नेलं होतं, वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी सिडकोसाठी आखलेली आर्टिस्ट्स व्हिलेज बघायला. ऐंशीच्या दशकातली वसाहत. लहान लहान घरं, सात-सात घरांच्या मध्ये साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, तशा तीन गटांच्या मध्ये त्याहून मोठं, बारा मीटरचं. आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे कुटुंबाला पुढे आपल्या आपल्या जागेत घर वाढवता यावं. लोकांनी ते इतकं वाढवलंय की मूळची घरं आता शोधावी लागतात. बरोबरच्या काही मुलांना त्याचं वाईट वाटलं. मला त्या अंगणात उभं राहून पहिल्यांदा कळलं की आमच्या पॅसेजला कुणीतरी मुद्दाम, प्रेमाने, वर आकाश ठेवून काढलं तर तो कसा होईल. तिथे एक बाई पापड वाळत घालत होत्या. आम्हा वीस विद्यार्थ्यांना त्यांनी कडेने जायला सांगितलं.

आता बीडीडी चाळी पाडून म्हाडा त्या जागी उंच इमारती बांधते आहे. १६० फुटांच्या खोलीऐवजी प्रत्येक कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात संडास, वेगळी झोपायची खोली, दाराला कडी. माझ्या काकूने चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते सगळं. तिच्या घराची चावी अजून यायची आहे, पण नकाशाची झेरॉक्स तिच्याकडे आलीय, आणि गेल्या रविवारी तिने मला जेवायला बोलावलं ते त्यासाठीच.

मी टेप, पेन्सिल, रंगीत खडू घेऊन गेले होते. काकूने वरण-भात, अळूची भाजी केली होती. जेवून ताटं उचलली, जमीन पुसली, आणि आम्ही दोघी त्या कागदावर वाकून बसलो. मी तिला समजावत होते, हा हॉल, ही बेडरूम, इथे ओटा एल आकाराचा करता येईल, कपाट इथे, तुझी खाट इथे खिडकीशी. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण तिचं बोट एकाच जागी फिरत होतं, मुख्य दारापाशी. शेवटी तिने विचारलं, “हे दार उघडं ठेवलं, तर समोर काय दिसेल गं?”

मी कागद फिरवला आणि मजल्याचा बाकीचा भाग, लिफ्ट, जिना, समोरच्या घराचं दार, हे शोधायला लागले.